उलव्याहून जवळ काय : नागपूर की सहार?

पनवेल तालुक्यातल्या उलवे येथील धावपट्टीवरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आणि मुंबई महानगराला दुसरा विमानतळ मिळाला. नकाशावर पट्टी ठेवली तर हा विमानतळ आणि सहारचा जुना विमानतळ यांच्यात पंचवीस किलोमीटरही भरत नाहीत. नागपूरचा विमानतळ मात्र इथून साडेसहाशे किलोमीटरपेक्षा दूर आहे. आता कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता उलव्याहून दोघे जण निघाले, एक विमानाने नागपूरला आणि दुसरा टॅक्सीने सहारला, असे धरू. नागपूरच्या विमानाची वेळापत्रकातली वेळ दीड तासाच्या आसपास असते. सहारला निघालेला गृहस्थ सानपाडा, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, घाटकोपर असे करत दीड तासात पोचला तर त्याने नशिबाला बोल लावू नये. सरळ रेषेत मोजले तर एकाचे अंतर दुसऱ्याच्या पंचवीसपटीहून अधिक, आणि वेळ जवळपास तेवढाच. या प्रकरणाचा मुद्दा याच विसंगतीत आहे. दोन विमानतळांमधले अंतर पृथ्वीच्या आकारावरून ठरते. ते एकदा मोजले की कायमचे मोजले. प्रवासाला लागणारा वेळ मात्र त्या अंतराला वेगाने भागून निघत नाही. तो वाऱ्यावर, वाटेतल्या देशांच्या परवानगीवर आणि दोन्ही टोकांच्या गर्दीवर ठरतो. आणि गेल्या साठ वर्षांत विमानप्रवासाचा वेळ जेव्हा जेव्हा कमी-जास्त झाला, तेव्हा विमानाच्या वेगाचा त्यात फारसा हात नव्हता.

आधी अंतराचे बघू, कारण तेही वाटते तितके सरळ नाही. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क अशी सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, सहारा वाळवंटाचा उत्तर भाग, मोरोक्को आणि अटलांटिक महासागर अशी जाते. त्या रेघेवरून खरोखर विमान नेले तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावे लागेल. पृथ्वीचा गोल हातात घेऊन याच दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो भलतीकडेच जातो : कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग थेट मॉस्कोच्या जवळून स्वीडन-नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि कॅनडाचा लॅब्राडोर. या वाटेने अंतर भरते सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे सपाट नकाशावरची सरळ रेघ तब्बल सतराशे किलोमीटरने लांबची, आणि उत्तर ध्रुवाकडे झुकलेली वाकडी दिसणारी रेघ हीच जवळची. गोलाच्या पृष्ठभागावरचे सर्वांत लहान अंतर बृहद्वृत्ताच्या कमानीवरून जाते आणि दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की शाळेतल्या त्रिकोणमितीने ते काढता येते. 'मुंबई ते लंडन किती किलोमीटर' असे विचारल्यावर जो ७,२०० चा आकडा मिळतो, तो या कमानीचा. सहारऐवजी उलव्याहून निघाले म्हणून त्यात फार तर वीसेक किलोमीटरचा फरक पडतो. वरच्या हवेत तो दीड मिनिटाचाही नाही. नवा विमानतळ घराजवळ आला म्हणून दिल्ली किंवा लंडन जवळ आले असे कुणाला वाटत असेल, तर आकाशातल्या हिशेबात तरी तसे काही झालेले नाही.

आता वेग. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून उड्डाण केले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. ते 'पस मॉथ' नावाचे एका इंजिनाचे छोटे विमान ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरने जाई. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेले. चार इंजिनांच्या त्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास आणि एकूण प्रवास जवळपास चोवीस तासांचा. मग १९६० मध्ये बोइंग ७०७ आले, त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि वेग ताशी नऊशे किलोमीटरवर जाऊन पोचला. तो तिथेच थांबला. आज मुंबईहून परदेशी जाणारे ७८७ किंवा ७७७ जातीचे विमान उंचावर ताशी नऊशेच्याच घरात उडते. अठ्ठावीस वर्षांत वेग पाच-सहापट झाला आणि पुढच्या पासष्ट वर्षांत जागचा हलला नाही. यंत्रविद्येच्या इतिहासात असा पठारी प्रदेश फार थोड्या ठिकाणी दिसतो.

याचे कारण इंजिनियरांचा आळस हे नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरच्या गार हवेत आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. विमान त्याच्या जवळ जाऊ लागले की पंखांवरून वाहणारी हवा काही ठिकाणी आवाजाचा वेग ओलांडते, दाबाच्या लाटा उठतात आणि हवेचा विरोध एकाएकी वाढतो. म्हणून आवाजाच्या वेगाच्या ऐंशी ते पंचाऐंशी टक्क्यांवर राहणे परवडते आणि त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर महाग पडतो. इथे कॉन्कॉर्डचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते योग्यच आहे. १९७६ ते २००३ अशी सत्तावीस वर्षे ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेत होते. म्हणजे वेग वाढवणे अशक्य नाही. पण कॉन्कॉर्ड इंधन प्रचंड प्यायचे, शंभरेक माणसेच न्यायचे, आणि त्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या दणक्यामुळे जमिनीवरून पूर्ण वेगाने उडायला बहुतेक देशांनी मनाई केली. राहिला समुद्र, आणि तोही प्रामुख्याने अटलांटिक. शक्य असूनही टिकले नाही, हा पुरावा माझ्या मते मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही, तो मुद्दाच पक्का करतो. दरम्यान १९४८ चे चोवीस तास आज साडेनऊ-दहावर आले आहेत. त्यातला मोठा वाटा पंख्याची जागा जेटने घेतली तेव्हाचा. १९६० नंतर जे वाचले ते मधले थांबे गेल्यामुळे. इंजिने कमी इंधनात जास्त लांब जाऊ लागली, दोन इंजिनांवर महासागर ओलांडण्याइतकी भरवशाची झाली, आणि कैरो, जिनिव्हा, बैरुत या वाटेवरच्या नावांची गरज उरली नाही.

बारा हजार पाचशेला नऊशेने भागले तर चौदा तासांना थोडे कमी येतात. मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानाच्या तिकिटावर जाताना पंधरा-सोळा तास असतात आणि येताना त्यापेक्षा तासा-दोन तासांनी कमी. जाण्या-येण्यातला हा फरक वाऱ्याचा. मध्य अक्षांशांवर आठ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा नऊशेचा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला, जमिनीच्या तुलनेतला नव्हे. पनवेल बंदरातून मुंबईला जाणारे जुने गलबतवाले ओहोटी धरून निघत आणि परतताना भरतीची वाट बघत, ते याच हिशेबाने. मात्र विमानाला थांबून वाऱ्याची दिशा बदलण्याची वाट बघता येत नाही, आणि त्यात एक तोटा दडलेला आहे. ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात ताशी शंभरचा वारा समोरून असेल तर नऊ तास लागतात, पाठीशी असेल तर सात तास बारा मिनिटे. वारा नसता तर जाऊन-येऊन सोळा तास झाले असते. वाऱ्यामुळे ते सोळा तास बारा मिनिटे होतात. जाताना गमावलेले येताना पुरते परत मिळत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला तर फायदा व्हायला हवा, मुक्काम आपणच चालत भेटीला येतो, ही शंका अनेक सुबुद्ध माणसे काढतात. पनवेलच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे सरकत असते हे खरे. पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर सरकते आणि त्या हवेत असलेले विमानही. हवा जमिनीच्या मागे राहत असती, तर घराबाहेर पाय ठेवताच वादळाच्या कित्येक पट जोराचा वारा अंगावर आला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवळणाने : विषुववृत्तावरून ध्रुवाकडे निघालेली हवा या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि तिचेच हे झोत बनतात. भारतावरची गंमत अशी की पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत असतो. त्याचा अभ्यास भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये जगापुढे मांडला. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाला म्हणूनच जानेवारीत आणि जुलैमध्ये सारखे वारे भेटत नाहीत.

वारा अंतरावर किती सहज मात करतो याचा एक धडधडीत दाखला आपल्याकडचाच आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप-अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर, जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पूर्वेला पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटरने लांब. तरी विमान साडेचौदा तासांत पोचले, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर, कारण सबंध वाटभर वारा पाठीशी होता. मुंबईहून नागपूरला जाऊन परत यायचे तेवढी जादा वाट चालून वेळ मात्र वाचला. अंतर आणि वेळ हातात हात घालून चालतात असे मानणाऱ्याला या उड्डाणाचे उत्तर द्यावे लागेल.

वारा निदान कुणाची बाजू घेत नाही. आकाशातल्या सीमांचे तसे नाही. न्यूयॉर्ककडची जी कमान वर सांगितली ती सिंध, अफगाणिस्तान आणि रशिया यांच्यावरून जाते, आणि आजच्या घडीला त्यातला एकही तुकडा बिनघोर म्हणता येत नाही. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद राहिले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले आणि भारतानेही आठवड्याभरात तेच केले. युक्रेनच्या युद्धामुळे २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद, पण भारतीय कंपन्यांना उघडे. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये त्याच जातीचे विमान शेपटीवरच्या झेंड्याप्रमाणे वेगवेगळा वेळ घेते. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाला बिघाडामुळे उतरावे लागले ते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादानला. अमेरिकी कंपनीचे विमान त्या आकाशात असूच शकले नसते.

या बंदीचा भार शहरागणिक वेगळा पडतो आणि इथे मुंबई-पनवेलचे भौगोलिक स्थान कामाला येते. दिल्लीच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान, उत्तरेला हिमालय. २०२५ च्या बंदीत तिथून युरोपला निघालेली विमाने आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत येत, मग अरबी समुद्रावरून ओमानकडे वळत. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागू लागले. म्हणजे कैरो-जिनिव्हाच्या जमान्यातला थांबा, जो तंत्रज्ञानाने घालवला होता, तो राजकारणाने परत आणला. मुंबईच्या पश्चिमेला मात्र समुद्र आहे. किनारा सोडला की ओमानची वाट मोकळी, वळसा पडतो पण थोडा. उत्तरेकडच्या हिमालयाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. विमान त्याच्यावरून आरामात उडू शकते. अडचण येते ती आतला हवेचा दाब गेला तर. अशा वेळी वैमानिकाने लगेच तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यायचे असते, आणि तिबेटची जमीनच चार-साडेचार किलोमीटर उंच आहे. म्हणून तो सारा प्रदेश शक्यतो टाळला जातो. युद्ध असो वा नसो, हा वळसा कायमचा.

हे सगळे अपवाद आहेत, संकटकाळातल्या गोष्टींवरून नियम काढू नये, असे कुणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे, पण कालपट त्याच्या बाजूने नाही. २०१९, २०२२, २०२५ ही सालेच पाहा. सात वर्षांत उघड्या आकाशाचे महिने आणि बंद आकाशाचे महिने वेगळे काढले तर अपवाद कुठला आणि नियम कुठला हे ठरवणे कठीण जाईल. आणि कराचीचे काय? मुंबई-कराची हवाई अंतर पावणेनऊशे किलोमीटर, दिल्लीपेक्षा कमी. आजच्या विमानाला हवेत तास-सव्वा तासाचे काम. पण या दोन शहरांमध्ये आज थेट विमान नाही. व्हिसा मिळालाच तर दुबईला जायचे, तीन-सव्वातीन तास. तिथे दुसऱ्या विमानासाठी थांबायचे. मग दोन तास उलटे यायचे. एकूण सात तासांच्या आत हे उरकणे अवघड. टाटांचे पस मॉथ १९३२ मध्ये सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून निघून दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले होते, तेही अहमदाबादला थांबून. नव्वद वर्षांची सारी प्रगती जमेला धरूनही हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो.

राहिली ती दोन टोके, आणि छोट्या प्रवासात सगळा खेळ तिथेच असतो. मुंबई-दिल्ली हवाई अंतर १,१४० किलोमीटरच्या आसपास. ताशी साडेआठशेने भागले तर एक तास वीस मिनिटे. वेळापत्रकात दोन तास दहा-वीस मिनिटे लिहिलेली असतात. वेळापत्रकातली वेळ दारापासून दारापर्यंतची असते : विमान टर्मिनलपासून मागे ढकलले गेले तिथपासून दुसऱ्या टर्मिनलला लागेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरणे, उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या, सगळे आले. शिवाय वेळेवर पोचल्याची नोंद चांगली राहावी म्हणून कंपन्या त्यात थोडी सूट धरून ठेवतात. 'विमान दहा मिनिटे आधी पोचले' ही घोषणा ऐकून खूश होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. २०१८ मध्येच तिथे एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे-उतरणी झाल्या, म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. एवढ्या घट्ट वेळापत्रकात एक जण चुकला की मागचे सगळे आकाशात ताटकळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्वतःच सांगितले की मुंबईवर विमानांना चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात आणि अशा चाळीस मिनिटांत सुमारे १.८ लाख रुपयांचे, साठ मिनिटांत २.६ लाखांचे इंधन जळते. मग गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ विमाने, अशी कपात करण्याचा आदेश निघाला. चाळीस मिनिटे म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचे उड्डाण. पुण्याच्या पलीकडे, सोलापूर ओलांडून विमान हैदराबादच्या जवळ गेले असते, ते डहाणू-अलिबागच्या दरम्यान गोल फिरत राहिले.

उलव्याच्या विमानतळाचे समर्थन इथे सापडते, घराजवळच्या सोयीत नाही. ३,७०० मीटरची एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय हा पहिला टप्पा. पुढे पहिलीला समांतर अशी दुसरी धावपट्टी आखलेली आहे, ज्यामुळे सहारसारखा छेद इथे नसेल. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून आणि दहा गावे उठवून मिळवलेल्या या जमिनीची किंमत इथल्या आगरी-कोळी कुटुंबांनी मोजली आहे. तेव्हा निदान ती मिनिटे खरोखर वाचतात का, हे तपासणे आपले काम ठरते. वाचतील, पण सगळ्यांची सारखी नाही. न्यूयॉर्कच्या सोळा तासांत अर्धा तास वाचला काय आणि न वाचला काय, तीन टक्के. नागपूर, गोवा, हैदराबाद या तास-दीड तासाच्या प्रवासात तोच अर्धा तास म्हणजे निदान तिसरा हिस्सा. सुरुवातीची उड्डाणे देशांतर्गत ठेवली गेली, हे या दृष्टीने ठीकच झाले. यावर जाणकारांचा आक्षेप असा की धावपट्ट्या दोन झाल्या तरी आकाश एकच राहते. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम आहेत, मध्ये चोवीस-पंचवीस किलोमीटर, आणि पूर्वेला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर. एकीकडे उतरणाऱ्याची वाट दुसरीकडून चढणाऱ्याच्या वाटेत येणार, म्हणून दोन्हींचे नियंत्रण एकत्रच करावे लागते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणून क्षमता दुप्पट झाल्याच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. पण न्यूयॉर्कमध्ये केनेडी आणि लागार्डिया यांच्यात याहूनही कमी अंतर आहे आणि ते अनेक दशके एकत्र चालतात. गुंता सोडवता येतो. एकाच धावपट्टीवर तासाला साठ विमाने उतरवता येत नाहीत.

खरी काळजी जमिनीवरच्या अंतराची आहे, आणि तिचा धडा कॅनडात गिरवून झाला आहे. मॉन्ट्रियलने १९७५ मध्ये मिराबेल नावाचा भव्य विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर बांधला. आंतरराष्ट्रीय विमाने तिकडे नेली, देशांतर्गत विमाने जुन्या डोर्व्हालला ठेवली. दोन्हींना जोडणारी वेगवान रेल्वे कागदावरच राहिली. विमान बदलायचे तर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसने जायचे, हे प्रवाशांनी आणि कंपन्यांनी काही वर्षे सोसले आणि मग ते टोरांटोमार्गे जाऊ लागले. २००४ मध्ये मिराबेलहून प्रवासी विमाने उडणे थांबले, पुढे टर्मिनलही पाडले. टोकियोची गोष्ट इतकी वाईट नाही, पण तिथेही साठ किलोमीटरवरच्या नारितावरून २०१० पासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा काही वाटा शहराजवळच्या हानेदाला परत आणावा लागला.

पनवेल, खारघर, उरण, कर्जत, अलिबागच्या माणसासाठी उलवे निर्विवाद सोयीचे आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईलाही ते परके राहिलेले नाही. पुणेकरांना तर द्रुतगती मार्गाने पनवेलला उतरल्यावर मुंबईचा शेवटचा, सर्वांत चिवट टप्पा करावाच लागत नाही. प्रश्न आहे नागपूरहून उलव्याला उतरून सहारहून अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांचा. त्यांचे पहिले विमान दीड तासाचे. बॅगा मिळायला अर्धा-पाऊण तास. मग सहारपर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटर रस्ता, दीड तास. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी हजेरी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला. ते ७०१ किलोमीटर आठ तासांत होतात असे सरकार सांगते, आणि आमणेहून सहार हे उलव्याहून आहे त्यापेक्षा फार दूर नाही. मोटारीत आणि विमानात पाच-सहा तासांचा फरक असायचा, तो नागपूरच्या घरापासून सहारच्या दारापर्यंत मोजला तर बराच कमी होतो. दोन विमानतळांना जोडणाऱ्या सुमारे पस्तीस किलोमीटरच्या 'मेट्रो ८' ची आखणी झालेली आहे. थांबे घेत जाणारी मेट्रो सरासरी ताशी पस्तीसच्या आसपास चालते, तेव्हा ती झाल्यावरही गाडीत तास जाईल, दोन्हीकडचे जिने, फलाट आणि सामान वेगळे. फक्त तो तास रोज तेवढाच असेल, आणि सायन-पनवेल रस्त्याबद्दल असे कुणालाच म्हणता येत नाही. तोवर तिकीट काढताना किलोमीटर आणि तास बघण्याआधी एक गोष्ट बघावी : मुंबईसमोर 'बीओएम' (सहार) लिहिले आहे की 'एनएमआय' (उलवे), आणि जायच्या-यायच्या दोन्ही तिकिटांवर एकच लिहिले आहे का.